जपायचं म्हणजे नवं करायचं नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, आणि शेवटी जत्रेचा विषय निघाला. एक काकू म्हणाल्या, "देवळाशेजारचे ते जुने वीरगळ किती कळकट दिसतात गं! गटातून थोडे पैसे काढू, तारेच्या ब्रशने घासून घेऊ आणि ऑइल पेंट मारून टाकू. पाहुणे येतात, जरा बरं दिसेल." निम्म्या जणींनी लगेच माना डोलावल्या. दुसरी म्हणाली, "त्यातला एक तर मधोमध भंगलाय. भंगलेलं देवळापाशी ठेवू नये. तो नदीच्या डोहात सोडून देऊ."

यात कुणाचंच मन वाईट नव्हतं. गावाचं चांगलं दिसावं एवढीच इच्छा. पण माझी मान काही हलेना. कारण आदल्याच महिन्यात आम्ही दहा-बारा जणी अजिंठ्याला जाऊन आलो होतो. तिथे जे पाहिलं आणि नंतर जे वाचलं, ते डोक्यात घोळत होतं. मी म्हटलं, "मला एक महिना द्या. पुढच्या बैठकीत सांगते." त्या बैठकीत जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेसारख्या कड्यात कोरलेली आहेत. लहानमोठी मिळून तीस. चालत चालत अगदी पलीकडच्या टोकाला गेलं की २६ नंबरचं लेणं येतं. तिथवर पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना डोलीतून नेतात. आत शिरलं, डोळे अंधाराला सरावले, की डाव्या हाताला खांबांच्या मागे भिंतीत भगवान बुद्ध निजलेले दिसतात. उजव्या कुशीवर, उजवा हात गालाखाली, डोळे मिटलेले. मूर्ती सुमारे २४ फूट लांब. आपल्यासारख्या पाच जणी एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय अशा निजल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढी. आणि ही मूर्ती बाहेरून आणून ठेवलेली नाही. तो डोंगराचाच खडक आहे, जागच्या जागी कोरलेला.

प्रसंग आहे महापरिनिर्वाणाचा. वयाच्या ८०व्या वर्षी कुशीनगरला दोन साल वृक्षांच्या मधे बुद्धांनी देह ठेवला. शिल्पातही दोन्ही टोकांना ती झाडं कोरलेली आहेत. खाली शिष्य आणि माणसं शोक करतात, कुणी डोक्याला हात लावून बसलंय. वरच्या बाजूला स्वर्गातले देव मात्र आनंदात आहेत. खाली रडू, वर आनंद, आणि मधे तो शांत चेहरा. आमच्यातल्या एक आजी बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "थकून घरी आलेलं माणूस निजावं ना, तसे निजलेत."

हे लेणं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवून घेतलं. त्याचा मित्र भव्विराज हा अश्मक राजाचा मंत्री होता. त्याची आठवण म्हणून. काळ पाचव्या शतकाच्या शेवटचा, म्हणजे जवळजवळ १५०० वर्षांपूर्वीचा. लेण्याच्या दर्शनी भिंतीवर लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा, की डोंगरात केलेलं स्मारक चंद्र-सूर्य असेतोवर टिकतं, म्हणून माणसाने डोंगरात स्मारक करावं.

मला हे फार आवडलं. पण मनात आलं, खरंच टिकतं का आपोआप? आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला बेसाल्ट म्हणतात, तो लाव्हारसाचे थरावर थर थिजून झालेला. घणाने फुटता फुटत नाही. तरी त्यालाही दुखणी आहेत, आणि सगळ्यांत मोठं दुखणं पाण्याचं. माणसाला पाणी बाधतं ना, तसं दगडालाही बाधतं.

ते कसं, हे समजायला स्वयंपाकघरात चला. मातीच्या मडक्यात मीठ ठेवलं तर काही महिन्यांनी काय होतं? मडक्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरं फुटतं, आणि मग मातीचे पापुद्रे सुटायला लागतात. ओलीबरोबर मीठ मडक्याच्या अंगात शिरतं. ओल वाळली की मिठाचे खडे बनतात. ते फुगतात आणि आतून मडक्याची साल काढतात. डोंगरातही असंच. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, खडकातले, मातीतले क्षार घेऊन येतं, आणि कोरीव कामाच्या पृष्ठभागाशी येऊन वाळतं. आज कणभर, उद्या कणभर. दोन पावसाळ्यांत काही दिसत नाही, दोनशे पावसाळ्यांत मूर्तीचं नाक जातं. त्यात भेगेत पिंपळाचं किंवा उंबराचं बी पडलं तर मुळं पाचर मारल्यासारखी खडक उकलतात. आत वटवाघळांची घाण असते. शेकडो माणसं एकदम आत गेली की त्यांच्या श्वासाची वाफ भिंतींवर बसते. आणि प्रत्येकाने एकदा हात लावायचा म्हटलं, तर हाताचं तेल आणि घाम दगडावर साचतो.

म्हणून अजिंठ्याच्या जतनाचं मोठं काम मूर्तीच्या अंगावर चालतच नाही, ते वर डोंगरावर चालतं. माथ्यावरून येणारं पाणी लेण्यांवर उतरू नये म्हणून चर काढून ते बाजूला वळवायचं, भेगा बुजवायच्या, सुटू पाहणारा खडक लोखंडी सळयांनी मागच्या घट्ट खडकाशी बांधायचा. लोकांच्या गाड्या लेण्यांच्या पायथ्याशी जाऊ देत नाहीत, त्या फर्दापूरच्या बाजूला चार किलोमीटर अलीकडे थांबतात आणि पुढे सरकारी बसने जावं लागतं. आम्ही आधी कुरकुरलो होतो. कारण कळल्यावर गप्प झालो.

पण मैत्रिणींनो, पाण्याइतकीच दगडाची दुसरी एक भीती आहे, ती म्हणजे आपण. वाईट माणसं तर आहेतच. पण चांगल्या मनाने केलेल्या कामानेही नुकसान होतं. अजिंठ्याचीच गोष्ट ऐका.

ही लेणी शेकडो वर्षं रानात झाकलेली होती. आसपासच्या लोकांना ठाऊक होती, पण बाहेरच्या जगाला नव्हती. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ती दिसली. आणि त्याने पहिलं काय केलं? १० नंबरच्या लेण्यात चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडली. आज आपली पोरं गडावर बदाम कोरून नावं लिहितात, त्यातलाच प्रकार.

पुढे चित्रांच्या नकला करायला कलावंत आले. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर रोगण लावलं गेलं. नंतर लेणी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असताना १९२० ते १९२२ या काळात इटलीहून नामांकित कारागीर बोलावले. त्यांनी गळून पडणारा गिलावा भिंतीला पक्का चिकटवला. ते काम फार मोलाचं, नाहीतर कितीतरी चित्रं जमिनीवर आली असती. पण वरून त्यांनी लाखेचं रोगण दिलं. ही आपल्या लाखेच्या बांगडीतलीच लाख. तेव्हा चित्रं चमकली. पण लाख जुनी झाली की पिवळी पडते, मग तपकिरी होते. धूळ, काजळी तिला चिकटते. चित्रं झाकोळून गेली. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आली. त्यांच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं कापसाच्या बोळ्याने, बोटभर बोटभर जागा धरून ती लाख काढत बसावं लागलं. जे लावायला दोन हिवाळे लागले, ते काढायला कित्येक दशकं गेली.

बरं, इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या मुळशीच्या शेजारी मावळात बेडसे लेणी आहेत. भाजे आणि कार्ले आपल्याला जास्त माहीत, बेडसे जरा आडबाजूला. ही तिन्ही लेणी मुळात बुद्धांची मूर्ती घडवायची पद्धत सुरू होण्याआधीची. तेव्हा बुद्धांची आठवण म्हणून स्तूप कोरत. कार्ल्याला दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती दिसतात, त्या नंतरच्या काळात कोरलेल्या. बेडसेच्या चैत्यगृहात अजिंठ्यासारखी रंगवलेली चित्रं होती, त्यांच्या खुणा १८६१च्या सुमारापर्यंत दिसत होत्या. मग कुणी गोरे साहेब लेणी बघायला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी आतून रंग-सफेदी करून घेतली. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून! आणि तेवढ्यात शेकडो वर्षांची चित्रं कायमची गेली.

हे वाचलं आणि मला आमच्या काकूंचं वाक्य आठवलं. "पाहुणे येतात, जरा बरं दिसेल." शब्दसुद्धा बदलला नाही हो.

आता भंगलेल्या दगडाचं. आपल्यात म्हणतात, भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये. ज्याची त्याची श्रद्धा, मी त्यात बोलणार नाही. पण पूजेत ठेवायची नाही आणि डोहात टाकायची, यात फार अंतर आहे. माझ्या माहेरी मी लहान असताना देवळात संगमरवरी मूर्ती आली. जुनी काळ्या पाषाणाची होती, तिचा एक हात गेलेला. वाजतगाजत नेऊन ती नदीत सोडली. आज गावातल्या पोरांनी विचारलं की आपलं देऊळ किती जुनं, तर सांगायला काही उरलं नाही. त्या मूर्तीची घडण, दागिने, मागची प्रभावळ बघून जाणत्या माणसाने शतक सांगितलं असतं. गावाचा जन्मदाखलाच आम्ही पाण्यात टाकला.

आता कुशीनगरची गोष्ट ऐका. जिथे बुद्धांनी देह ठेवला ते हे गाव, उत्तर प्रदेशात. तिथेही निजलेल्या बुद्धांची मोठी मूर्ती आहे, सुमारे २० फुटांची, वालुकाश्माची, पाचव्याच शतकातली. म्हणजे अजिंठ्याच्या मूर्तीची जणू थोरली बहीण. हरिबल नावाच्या भिक्षूने ती दान दिली आणि दिन्न नावाच्या शिल्पकाराने घडवली, असं तिच्यावरच्या लेखात आहे. काळाच्या ओघात तिथलं देऊळ पडलं, मूर्ती फुटली, सगळं मातीखाली गेलं. १८७६ साली कार्लाईल नावाच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याने तिथे उकरायला सुरुवात केली, तेव्हा मूर्ती हाती आली ती तुकड्या-तुकड्यांत. त्याने ते तुकडे वेचले, जुळवले, मूर्ती पुन्हा उभी केली, म्हणजे निजवलीच म्हणायची! त्यावर छप्पर घातलं. आज जिथे मूर्ती आहे ते मंदिर १९५६ साली बांधलं. जगभरातून लोक तिथे येतात, मूर्तीला चीवर पांघरतात, डोळे पुसत बाहेर पडतात. विचार करा, भंगलेली म्हणून ते तुकडे कुणी नदीत टाकले असते तर?

सगळंच मात्र जोडता येत नाही. अफगाणिस्तानात बामियान इथे कड्यात कोरलेल्या दोन उभ्या बुद्धमूर्ती होत्या. एक ३८ मीटर उंच, दुसरी ५५ मीटर. ५५ मीटर म्हणजे साधारण अठरा मजल्यांची इमारत. मूळ आकार खडकात कोरलेला आणि वरचे वस्त्रांचे चुणीदार बारकावे भुसा घातलेल्या मातीच्या गिलाव्याने काढलेले. घर लिंपताना आपण मातीत भुसा कालवतो तो का, हे तुम्हाला सांगायला नको. १९६९ ते १९७७ या काळात आपल्या भारताच्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जाऊन काम करत होती. त्यांनी भेगा भरल्या, कोनाड्याचे सुटलेले भाग सावरले, भिंतीवरची चित्रं स्वच्छ केली. आणि मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून त्या दोन्ही मूर्ती उडवल्या. जे १४०० वर्षं वारा-बर्फ सोसून उभं होतं, ते काही दिवसांत मातीला मिळालं.

पुढे तज्ज्ञांनी तिथले तुकडे वेचून, नोंद करून सांभाळून ठेवले. रिकामे कोनाडे ढासळू नयेत म्हणून पक्के केले. पण नवी मूर्ती उभी केलेली नाही. कुणी म्हणेल, पैशाला काय तोटा, सिमेंटची करा. पण मग ती आजची मूर्ती होईल. त्या जुन्या हातांची राहणार नाही. आईचं लुगडं फाटलं तर त्याची गोधडी शिवतो आपण. बाजारातून तसंच नवं लुगडं आणलं, तर ते आईचं होतं का?

मुळशीच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. धरणात आपल्या पणज्यांची घरं गेली, शेतं गेली, देवळं गेली. १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट पुढे होते, बायकाही मागे राहिल्या नाहीत. तरी पाणी चढलंच. तिथल्या गेलेल्या दगडांसाठी आज काही करता येत नाही. म्हणून जे काठावर उरलंय, ते आपल्याच हातांनी घालवायचं नाही, एवढं तरी आपल्याला करता येईल.

तर काय करायचं आणि काय नाही, ते सरळ सांगते.

जुन्या कोरीव दगडाला ऑइल पेंट लावायचा नाही. त्याने कोरीव रेषा बुजतात, लेख असला तर वाचता येत नाही, आतली ओल आतच कोंडते. मग तो रंग काढायला कुणीतरी अॅसिड नाहीतर तारेचा ब्रश आणतं, आणि रंगाबरोबर कोरीव कामही जातं. धूळ काढायची तर मऊ, कोरड्या कुंच्याने.

जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यात सिमेंट भरायचं नाही. सिमेंट कडक, ओल बाहेर पडू देत नाही, आणि त्यात क्षार असतात. मिठाच्या मडक्याचं आठवा. आपले जुने लोक घाणीत मळलेला चुना वापरत. चुन्यातून ओल निघून जाते. देवळाचं काम निघालं तर ठेकेदाराला विचारा, चुन्यात काम करणारा गवंडी आहे का.

भिंतीत पिंपळ उगवला तर ओढून उपटायचा नाही, दगड निखळतात. रोप बोटभर असतानाच काढायचं. मोठं झालं असेल तर कापायचं आणि जाणत्याला विचारायचं.

पावसाळ्याच्या तोंडाला देवळाभोवतीची गटारं, पन्हळी साफ करायच्या. पाणी पायाशी साचू द्यायचं नाही. याला पैसा लागत नाही, एक सकाळ लागते. आणि अजिंठ्याला जे मोठ्या प्रमाणावर करतात, तेच हे काम आहे.

भंगलेला दगड, सुटलेला तुकडा जागेवरून हलवायचा नाही. फोटो काढून ठेवायचा, कुठे होता ते लिहून ठेवायचं. शेत नांगरताना, पाया खणताना काही जुनं निघालं तर तहसीलदारांना कळवायचं. आपल्याला पौडला जायचं एवढंच. राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय पुण्यात आहे, तिथले लोक येऊन पाहतात.

आणि भाजे, कार्ले, बेडसे यांसारखी लेणी केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे नाव कोरलं, काही तोडलं तर १९५८च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. सहलीला निघालेल्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

आता आमच्या गटाचं काय झालं ते सांगते. सगळं ऐकून घेतल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काहीच करायचं नाही, हेच काम?" मी म्हटलं, "काहीच नाही असं नाही. पाणी काढायचं." दुसऱ्या रविवारी आम्ही अकरा जणी फावडी, घमेली घेऊन गेलो. वीरगळांच्या मागे साचलेला गाळ उपसला, पाण्याला उताराकडे वाट करून दिली. मऊ कुंच्याने माती झाडताना भंगलेल्या वीरगळाच्या खालच्या तुकड्यावर काकूंनाच काहीतरी दिसलं. ढालीमागे उभा असलेला वीर, आणि त्याच्यामागे गाई. गुरं राखताना मेलेला कुणीतरी आपल्या गावचा माणूस. काकूंनी त्याच्यापुढे दोन फुलं ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, सोडला नाही डोहात."

बुद्धभद्राला वाटलं होतं, डोंगरातलं स्मारक चंद्र-सूर्य असेतोवर टिकेल. टिकेल, पण दर पावसाळ्याआधी कुणीतरी गटार काढलं तर. ते कुणीतरी म्हणजे आपण.